बिनमोरचुदाची खळ

पुस्तक बांधायला मी बापाकडून शिकले. मुरूडला त्याचं एका खोलीचं दुकान होतं. मदरशाच्या किताबा, शाळेची पुस्तकं, लायब्ररीच्या फाटक्या कादंबऱ्या, सगळं त्याच्याकडे यायचं. चौथी झाल्यावर त्याने मला शाळेतून काढलं आणि हातात दाभण दिलं. मला वाईट वाटलं नाही, शाळा मला फारशी आवडत नव्हती. पुढे लग्न झालं आणि नवऱ्यामागे जेद्दाला गेले. तो बंदरात कामाला होता. तो वारला तेव्हा मुलगा पनवेलला नोकरीला लागलेला होता. सुनेचं आणि माझं तेव्हा पटत नव्हतं, आताही पटत नाही. म्हणून परत न जाता मी एका खाजगी शाळेच्या लायब्ररीत आयाचं काम धरलं. झाडायचं, पुसायचं, पुस्तकं जागेवर लावायची आणि फाटलेली शिवायची. इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, शाळेच्या नावावर झाला. जेद्दात माझी स्वतःची खोली होती आणि कोणाला विचारल्याशिवाय मी चहा करू शकत होते. मला एवढं पुरत होतं.

मग सौदी माणसं कामावर घ्यायची सक्ती वाढली. कामावर सौदी किती आहेत त्यावरून सरकार प्रत्येक कंपनीला रंग देत असे. हिरवी असली तर ठीक, लाल झाली तर परदेशी माणसांचे इकामे अडकत. आमची शाळा पिवळी झाली होती. मुख्याध्यापिका लखनौकडची, माझ्याशी हिंदीत बोलायची. तिने मला एका रविवारी सकाळी ऑफिसात बोलावलं.

"चाची, लायब्ररीत एक सौदी बाई येणार आहे. तीन महिन्यांची कच्ची नोकरी. या तीन महिन्यांत तुमचं सगळं काम तिला शिकवा."

"आणि माझं?"

"ती पक्की झाली की तुमचं खलास. मला दुसरा रस्ता नाही."

"आणि ती पक्की नाही झाली तर?"

तिने समोरची फाईल मिटली. "मग बघू," म्हणाली.

हे 'मग बघू' मी घट्ट धरून ठेवलं.

बाई आली. अबाया काढून खुंटीला लावला आणि मी पाहिलं तर कोळशासारखी काळी. माझ्या मनात पहिलं आलं ते हे, की सौदी पाठवायची तर ही हबशीण कुठून शोधली. लिहायला बरं वाटत नाही, पण आलं ते आलं. वय पस्तिशीचं असेल. नवऱ्याने तलाक दिलेला, दोन मुली, म्हातारी आई. आधी मॉलमध्ये रात्री दहापर्यंत उभी राहून परफ्यूम विकायची. ही नोकरी मिळाली तर मुली शाळेतून यायच्या वेळेला तीही घरी पोचणार होती. हे तिने मला पहिल्याच दिवशी सांगितलं, दया मागायला नव्हे, मी विचारलं म्हणून. ती मला खाला म्हणू लागली. अरबीत मावशीला खालाच म्हणतात, आमच्या घरातही तेच. आमचं बोलणं मोडक्या अरबीत चालायचं, मोडकी माझी. इथे ते मराठीत लिहिते आहे.

दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, "खाला, तू हिंदची ना?"

मी म्हटलं, "हिंदची. पण मूळचे आम्ही अरबच. बसऱ्याहून आलो."

आमच्या कोकणी मुसलमानांत हे घरोघर सांगतात. मीही लहानपणापासून सांगत आले. माझ्या तोंडून ते सलाम निघावा तसं निघालं.

तिने हातातलं पुस्तक खाली ठेवलं. "मी या शहरात जन्मले. माझी आई इथे जन्मली. आईचा आजा नायजेरियाकडून पायी हजला आला आणि इथेच राहिला. माझ्याकडे सौदी ओळखपत्र आहे. तरी टॅक्सीवाला मला विचारतो, बाई, मूळची कुठली. आणि तू हिंदचा पासपोर्ट घेऊन मला सांगतेस की तू अरब?"

"घरी तसं सांगतात."

"बसरा पाहिलंस?"

"नाही."

"तुझ्या बापाने?"

"त्याने पनवेलच्या पुढे काही पाहिलं नव्हतं."

ती हसायला लागली. मला राग आला, पण हसू पण आलं. त्यानंतर मी ते बसऱ्याचं कोणापुढे काढलं नाही.

त्याच आठवड्यात खोकं आलं. शाळेत एक अमेरिकन शिक्षिका होती, तीही काळी. ती नोकरी सोडून मायदेशी चालली होती. जाताना तिने स्वतःची पुस्तकं शाळेला दिली. काही तिच्या आईची होती, वाचून वाचून कणा मोडलेली, पानं सुटलेली. सगळी काळ्या माणसांची: त्यांची चरित्रं, त्यांनी लिहिलेल्या गोष्टी, मुलांसाठी चित्रांची पुस्तकं. शाळेत सुदानची, नायजेरियाची मुलं पुष्कळ होती. त्यातल्या एका सुदानी पोरीला वर्गात कोणीतरी गुलाम म्हणालं होतं आणि तेव्हापासून ती शाळेत येत नव्हती. मुख्याध्यापिकेने ठरवलं की लायब्ररीची एक अख्खी भिंत या माणसांना द्यायची. त्यांची पुस्तकं, त्यांची चित्रं, आणि गुरुवारी शेवटच्या तासाला हॉलमध्ये पडदा लावून त्यांच्यावरचे सिनेमे. तेव्हा शहरात सिनेमागृह नव्हतं, त्यामुळे सिनेमा म्हटल्यावर शाळेतले शिपाईसुद्धा खूश झाले.

"पालकांच्या सभेच्या आत भिंत तयार पाहिजे," ती सौदी बाईला म्हणाली. "खोक्यातली पुस्तकं तू बांधायचीस, चाचीने नव्हे. ती नीट टिकली तर तू पक्की."

म्हणजे तिची नोकरी त्या खोक्यात होती. आणि माझीही.

मी तिला शिकवायला घेतलं. पुस्तक सुटं कसं करायचं, पानांचे जुज, म्हणजे घडी घातलेले गठ्ठे, कसे वेगळे काढायचे, घडीत भोकं कुठे पाडायची, दोरा मेणातून कसा ओढायचा. हात चांगला होता तिचा. मग खळ. मैदा पाण्यात कालवायचा, मंद आचेवर ठेवायचा, गुठळी होऊ न देता ढवळत राहायचं, चकाकी आली की उतरवायचा. तिने सगळं वहीत उतरवलं.

"एवढंच?"

"एवढंच."

एवढंच नव्हतं. खळीत मोरचूद घालावा लागतो, गरम पाण्यात विरघळवून, चिमूटभर. मैदा म्हणजे झुरळांचं आणि कसरीचं जेवण. जेद्दाची हवा दमट, लायब्ररीत झुरळं भरपूर. मोरचूद असला की किडा तोंड लावत नाही, नसला की महिन्या-दोन महिन्यांत कणा पोखरतो आणि पुस्तक पुन्हा उघडं पडतं. बापाने मला हे अगदी आधी शिकवलं होतं. मोरचूद विषारी, म्हणून मी तो जुन्या औषधाच्या डबीत घालून माझ्या कपाटात कुलूप लावून ठेवायचे. ते कुलूप मी उघडलं नाही. विसरले नव्हते. ठरवून उघडलं नाही.

पुस्तक बांधायला दोन हात पुरतात आणि तोंड मोकळं राहतं. तिला इंग्रजी वाचता यायचं, मला नाही. मी तिच्या टाक्यांवर लक्ष ठेवायचे आणि ती हातात आलेल्या जुजातलं वाचून मला सांगायची. अशी त्या भिंतीवरची सगळी माणसं मला तुकड्यातुकड्याने भेटली.

एक बाई होती, तिने बसमधली जागा सोडली नाही.

मी म्हटलं, "आमच्याकडे बसमध्ये जागा कोणीच सोडत नाही. त्याचं पुस्तक करतात?"

"गोरा माणूस आला की काळ्याने उठायचं असा कायदा होता, खाला. ती उठली नाही. तिला पकडून नेलं."

आणखी एक बाई होती, गुलामीतून पळाली आणि पुन्हा पुन्हा तिथेच परत गेली.

"सुटली होती तर परत कशाला गेली?"

"बाकीचे आत होते म्हणून."

एकाने अर्धं आयुष्य तुरुंगात काढलं आणि सुटून देशाचा मोठा माणूस झाला. एक मुष्टियोद्धा होता, त्याने लढाईवर जायला नकार दिला. काही बायकांनी आकाशात माणूस पाठवायचं गणित केलं. या मला सर्वांत आवडल्या, कारण त्यांना कोणी नाव विचारत नव्हतं, फक्त उत्तर बरोबर आहे का एवढंच विचारत. तिने पैगंबरांच्या वेळी पहिली बांग देणाऱ्या हबशी गुलामाचं चित्रांचं पुस्तक काढलं तेव्हा मी म्हटलं, हा मला ठाऊक आहे, पाळण्यात होते तेव्हापासून.

"मग मी आले तेव्हा तुझा चेहरा तसा का झाला होता?" तिने विचारलं.

मला वाटलं होतं तिने पाहिलं नाही. तो हबशी होता हे मला माहीत होतं, पण मनात मी त्याला रंग दिलाच नव्हता.

मी तिला आमच्या जंजिऱ्याचं सांगितलं. समुद्रातला किल्ला, सिद्दींचा, कोणाला घेता आला नाही. चौथीच्या इतिहासात तो सिद्दी शत्रू होता, त्यापुढे त्याच्याविषयी एक ओळ नव्हती. आमच्या गावात सिद्दींची घरं होती. आई त्यांच्याकडे जेवायला पाठवायची, पण त्यांच्यात सोयरीक करू द्यायची नाही.

"कोणालाच घेता आला नाही?"

"कोणालाच."

"तर तो भिंतीवर पाहिजे. शत्रूला हरवता आलं नाही तर निदान चित्र तरी लावा."

मी मुरूडला भावाला फोन केला. तो एसटीत कंडक्टर होता, निवृत्त झाल्यापासून वाचत बसतो. त्याने जंजिऱ्याचा फोटो पाठवला आणि वर आणखी एका माणसाचं सांगितलं. हबशांच्या मुलखातला, इथिओपियाकडचा मुलगा, अरबांच्या बाजारात गुलाम म्हणून विकला गेला, हात बदलत दख्खनेत आला आणि निजामशाहीचा वजीर झाला. डोंगराआडून लढून त्याने मोगलांना वर्षानुवर्षं पुढे सरकू दिलं नाही. शहर वसवलं आणि त्याला जमिनीखालून पाणी आणलं.

"हे आपल्या पुस्तकात का नव्हतं?" मी भावाला विचारलं.

"तू चौथीत शाळा सोडलीस."

"तू तर दहावीपर्यंत गेलास."

"मला पण कंडक्टर झाल्यावर कळलं," तो म्हणाला.

तिला सांगितलं तेव्हा 'अरबांच्या बाजारात' या शब्दांवर ती थांबली. "म्हणजे आमच्या," म्हणाली. मग तिने त्याचा कागद अरबीत आणि इंग्रजीत लिहिला आणि मला मराठीत लिहायला लावला. माझं अक्षर वाकडं. ती म्हणाली, राहू दे वाकडं, इथे कोण तपासणार आहे.

हे सगळं चालू असताना कपाटाला कुलूप होतंच. मी तिच्या डब्यातला भात खात होते, तिच्या मुलींच्या परीक्षेचं विचारत होते आणि मोरचुदाचं बोलत नव्हते. माणूस दोन्ही करू शकतो, मी केलं आहे.

दोन महिने संपत आले असताना एका माणसाचं आत्मचरित्र हातात आलं. त्याचे जुज सगळे सुटलेले होते. ती टाके घालत वाचत होती. तो गुलाम होता, लहान मुलगा. मालकाची बायको नवी होती, तिने त्याला अक्षरं शिकवायला घेतली. नवऱ्याला कळलं. तो म्हणाला, याला वाचता आलं तर हा आपल्या कामाचा राहणार नाही. मग तिने शिकवणं बंद केलं. नुसतं बंद केलं नाही, त्याच्या हातात कागद दिसला की हिसकावून घेऊ लागली.

"मग?" मी विचारलं.

"मग तो रस्त्यावरच्या गोऱ्या पोरांकडून शिकला. भाकरी देऊन."

"आणि ती बाई?"

"तिचं पुढे फारसं नाही. ती वाईट नव्हती असं त्याने लिहिलंय. नंतर झाली."

मला त्या बाईचा फार राग आला. मग लक्षात आलं की राग कशाचा आहे. पण मी काही लगेच उठून कपाट उघडलं नाही. घरी गेले, भाजी चिरली, झोपले. दुसऱ्या दिवशीही काही बोलले नाही. तिसऱ्या दिवशी ती एक पुस्तक घेऊन आली, तिने बांधलेलं अगदी पहिलं, बसमधल्या बाईचं. कण्याच्या टोकाला कापड कुरतडलेलं होतं आणि आतली खळ चाळणीसारखी झाली होती. पालकांची सभा बारा दिवसांवर होती.

"माझं काय चुकलं, खाला?"

मी म्हणणार होते की खळ पातळ झाली असेल. तोंडापर्यंत आलं होतं. मी किल्ली काढली, कपाट उघडलं आणि डबी तिच्या पुढ्यात ठेवली.

"हे घालायचं राहिलं. तुझं नव्हे, माझं. मी सांगितलं नाही."

तिने डबी उघडून निळे खडे पाहिले. "विसरलीस?"

"नाही."

तिने डबीचं झाकण लावलं. मग उठली आणि जुन्या कपाटातून मी कधीतरी बांधलेली दोन पुस्तकं आणली. त्यांचे कणे वाकवून आतली खळ दाखवली, निळसर. बाजूला तिचं पुस्तक ठेवलं, पांढरी.

"मला महिन्यापासून दिसतंय," ती म्हणाली. "तुझी निळी, माझी पांढरी. काय आहे ते कळत नव्हतं. तू कधी सांगतेस ते बघत होते."

"मॅडमला का नाही सांगितलंस?"

"तिने तुला त्याच दिवशी काढलं असतं. मग निळं काय आहे ते मला कोण सांगणार?" तिने पुस्तकं मिटली. "आणि तू सांगितलं नसतंस ना, तर सभेच्या आदल्या दिवशी सांगणार होते. तुझ्यासमोर."

मला तिचं पटलं. मी तिच्या जागी असते तर महिनाभर थांबले नसते.

त्या दिवशी ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. दुसऱ्या दिवशीही. डब्यातला भात तिने एकटीने खाल्ला. पण बारा दिवसांत सगळं खोकं पुन्हा करायचं होतं. ओल्या फडक्याने जुनी खळ सुटवून काढायची, कणा सुकवायचा, नवी निळी खळ लावायची, शिकंज्यात दाबून ठेवायचं. बांधायचं तिनेच, असं ठरलेलं होतं, म्हणून मी फक्त खरवडायचं काम घेतलं. नखं निळी झाली दोघींची. जेवायच्या आधी साबणाने तीनदा हात धू, हे मी रोज ओरडून सांगायचे आणि ती रोज म्हणायची, आता सगळंच सांगतेस. पाचव्या दिवशी तिने डब्याचं झाकण माझ्याकडे सरकवलं. मी भात घेतला.

सभेच्या दिवशी भिंत तयार होती. मधोमध जंजिरा होता, कारण तो फोटो सर्वांत मोठा निघाला. पालक आले. नायजेरियाचे एक डॉक्टर आत्मचरित्राच्या पुस्तकापुढे उभे राहिले ते हललेच नाहीत. ती सुदानी पोर आईबरोबर आली होती. तिने पहिल्या बांगेचं पुस्तक उचललं, उलटंपालटं केलं आणि सौदी बाईकडे बघून विचारलं, "हे सगळं तू केलंस?" सौदी बाई म्हणाली, "हो." पोरीने तिच्या हाताकडे पाहिलं, मग स्वतःच्या, आणि पुस्तक घेऊन खाली जमिनीवर वाचायला बसली. पुढल्या रविवारपासून ती शाळेत यायला लागली. त्या पुस्तकामुळेच असं मी म्हणत नाही, आईने धपाटाही घातला असेल.

सगळे गेल्यावर मुख्याध्यापिका आली. एकेक पुस्तक उघडून कण्यावरून बोट फिरवलं, दोरा ओढून पाहिला.

"पक्कं काम आहे," ती सौदी बाईला इंग्रजीत म्हणाली. तेवढं मला कळलं. मग तिने अरबीत विचारलं, चाचीने शिकवलं का सगळं नीट?

सौदी बाईने माझ्याकडे पाहिलं. तिने माझं काहीही केलं असतं तरी मला बोलायला तोंड नव्हतं.

"शिकवलं," ती म्हणाली. "उशिरा. पण शिकवलं."

मुख्याध्यापिकेला वाटलं ही नव्या माणसाची तक्रार आहे, मन लावून शिकायला वेळ कमी मिळाला असं काहीतरी. ती हसली आणि कागदावर सही करायला ऑफिसात घेऊन गेली. माझ्या एक्झिटचे कागदही त्याच आठवड्यात निघाले. जायच्या आधी एक गुरुवार मिळाला. हॉलमध्ये गणित करणाऱ्या बायकांचा सिनेमा लावला होता. मी मागच्या रांगेत बसले, ती बाजूला बसून कानात अरबीत सांगत होती. अर्धं कळलं नाही, पण मुलं ओरडत होती तिथे मीही ओरडले. डबी मी तिच्या कपाटात ठेवली, किल्ली तिच्या हातात दिली, आणि पुढचा मोरचूद कुठल्या अत्ताराकडे, जडीबुटीच्या दुकानात, मिळतो तेही सांगितलं.

आता मी मुरूडला भावाच्या शेजारी राहते. पनवेलला गेले नाही. गावच्या वाचनालयाने त्यांची फाटकी पुस्तकं माझ्याकडे द्यायला सुरुवात केली आहे. गेल्या महिन्यात जेद्दाहून फोनवर तिचा आवाज आला, ध्वनिमुद्रित केलेला. मागे पोरांचा गोंधळ होता. म्हणाली, "खाला, त्या वजिराचा कागद आणि आत्मचरित्र, दोन्ही फाटली. किड्यांनी नाही, मुलांनी. पुस्तक चौथ्यांदा शिवते आहे. एका पोरीला दाभण धरायला शिकवलं आहे, सुदानची ती. निळी खळ पण." मग थोडं थांबून, "पहिल्याच दिवशी," म्हणाली.

मी भावाकडून उलट निरोप पाठवला. हात धुवायला सांग, एवढाच.